विंचवाचा भाऊबंद

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. त्याआधी मी समुद्राच्या तळाशी सरपटणारा, कवचाचा, पुष्कळ पायांचा जीव होतो. शास्त्रज्ञ माझ्या कुळाला रेडलिचिया म्हणतात. पन्नास कोटी वर्षांपूर्वी मी चिखलात गाडला गेलो, चिखलाचा दगड झाला आणि त्या समुद्राच्या जागी हिमालय उभा राहिला. एवढं होऊनही माझ्या पाठीवरची एकेक वळी शाबूत होती. खरं सांगतो, तेव्हा मी थकलो नव्हतो. थकलो ते वाटूर गावात आल्यावर.

१९८३ साली फौजेतून सुटीवर आलेल्या, गावातल्याच काकासाहेबांनी मला पहाडातून ट्रंकेत घालून आणलं आणि गावच्या शाळेला दिलं. विज्ञान शिकवणाऱ्या उषाबाईंना कोण आनंद झाला! त्यांनी मला वर्गभर फिरवलं. हा कोण, असं मुलांनी विचारलं तेव्हा त्या कौतुकाने म्हणाल्या, "हा विंचवाचा लांबचा भाऊबंद."

झालं! शाळेचे शिपाई पुंजाराम दारातच उभे होते. भाऊबंदाचा शब्द विंचू मोडणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. पुढच्याच आठवड्यात विंचू चावलेल्या एका बाईसाठी त्यांनी मला पाण्यात उगाळून लेप लावला. विंचवाची कळ बहुधा आपोआप ओसरते, तशी ती ओसरली आणि नाव माझं झालं. मग काय, कडबा उचलताना कोणाला विंचू चावला की चला शाळेत! मला हळदकुंकू लागलं, माझ्यापुढे नारळ फुटले. उषाबाई रागवायच्या, पण कपाटाची किल्ली पुंजारामांकडे असायची. तेरा वर्षं मी झिजलो. सगळ्याचा अगदी वीट आला होता.

१९९६च्या उन्हाळ्यात भरदुपारी पुंजारामांच्या नातीला, सात वर्षांच्या बेबीनंदाला, गवऱ्यांच्या ढिगात लाल विंचू चावला. पोर घामाने निथळली, तिचे हातपाय गार पडले. पुंजाराम मला उगाळतच होते. एक लेप झाला, दुसरा झाला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. तेवढ्यात उषाबाई धावत आल्या.

"उगाळत काय बसलात? जल्दी जीप बघा, मंठ्याच्या दवाखान्यात न्या तिला!"

"बाई, तुम्हीच म्हणल्त्या ना, ह्यो विंचवाचा भाऊबंद हाय म्हून? मंग विंचू ह्याचं का ऐकंना?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनीच पोरीला उचललं.

दवाखान्यात दोन दिवस तिचं काही खरं नव्हतं. मी पुंजारामांच्या खिशात होतो; त्यांनी मला एकदाही बाहेर काढलं नाही. पोर वाचली. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. गाव मात्र म्हणालं, दगडानेच तिला तोवर तगवलं.

चौथ्या दिवशी कारभारी नावाचा शेतकरी बायकोला बैलगाडीत घालून शाळेत आला. विंचू चावून सोनूबाई कळवळत होती.

"पुंजाराममामा, दगड काढा!"

पुंजारामांनी खिशात मला घट्ट धरलं.

"दगड फुटला, कारभारी. पार चुरा झाला. मंठ्याला न्या तिला. बिलकुल थांबू नका."

आता मी त्यांच्या पेटीत, जुन्या कपड्यांखाली असतो. पाठ गुळगुळीत झाली आहे. मी कोण होतो हे उषाबाईंनाही ओळखू येणार नाही. वाईट वाटतं, पण तक्रार नाही.

मित्रांनो, मी फुटलेलो नाही. पण कोणी विंचू चावलेलं माणूस घेऊन माझा पत्ता विचारत आलंच, तर तुम्हीही फुटला म्हणूनच सांगा.