खालचा खण

मी एक जुना खण आहे, मित्रांनो. चोवीस खणांच्या लाकडी कपाटातला सगळ्यात खालचा. माझ्या नशिबी झाडू आणि बुटांची टोके. माझ्यावर निबंध लिहायला तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो.

मला एका सुताराने घडवले. कडांना मेण चोळून त्याने करंगळीने मला ओढून पाहिले आणि बायकोला म्हणाला, "बघ, जराही कुरकुरत नाही. आपल्या जावयाला दाखवायला हवा." असे कौतुक माझ्या वाट्याला पुढे आणखी एकदाच आले.

आमचे कपाट नगराच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने घरोघरची कार्डे लिहिली: नाव, धंदा, माणसे किती, दार कुठल्या गल्लीत. मग वरून पत्र आले आणि कार्डावर एक रकाना वाढला, जमातीचा. कोणी विचारले तर कारकून म्हणे, "काही नाही हो, नुसती माहिती." आठवडाभरात त्याने एका जमातीची सगळी कार्डे वेगळी काढून माझ्यात भरली. त्यात सुताराचेही होते. मला वाटले, बाप घरी आला. मी खूश झालो. खणाला अक्कल ती किती असणार!

एका सकाळी बरेच बूट आले. एका हाताने मला ओढले. मी लगेच उघडलो. कुरकुरलो नाही. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "वा! शोधायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत." हेच ते दुसरे कौतुक. संध्याकाळी कार्डे परत आली. कारकुनाने ती जागच्या जागी लावली, कारण तो टापटिपीचा माणूस होता. कार्डांवरची माणसे परत आली नाहीत.

पुढे कित्येक वर्षे मी तळघरात ओल खाल्ली आणि फुगलो. मग एका विद्यापीठाने आम्हाला नेले. तिथे एक विभाग वंशसंहाराचा अभ्यास करतो: तो कसा घडतो आणि कसा रोखायचा. वर्गात बाई माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "हत्याराच्या आधी यादी येते. थांबवायचं तर तिथंच." मुले वहीत उतरवून घेतात. परीक्षेत हे दहा गुणांना येते.

गेल्या आठवड्यात या विभागालाही वरून पत्र आले: विद्यार्थ्यांचे अर्ज जमातीनुसार वेगळे लावावेत. विभागातला कारकून, ज्याला मुले 'टाचणी' म्हणतात, कामाला लागला. रिकामे कपाट एकच होते. आमचे. तो गठ्ठा घेऊन वर्गात आला आणि माझ्यापुढे उकिडवा बसला.

एका विद्यार्थिनीने विचारले, "काका, माझा अर्ज खालच्या खणात का?"

"काही नाही गं, नुसती माहिती."

"या कपाटात? बाई इथं रोज काय शिकवतात, ऐकलं नाही कधी?"

"तेव्हा मी चहाला गेलेलो असतो."

त्याने मला ओढले. मी फुगलेला. त्याने कपाटाला पाय लावून हिसका दिला. मूठ त्याच्या हातात आली आणि तो फरशीवर बसला. वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. तिने सगळा गठ्ठा उचलला आणि पत्ते पिसतात तसा पिसला.

"अगं बये!" टाचणी कळवळला. "तीन दिवस लागले होते लावायला!"

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पत्र मागितले, त्यावर 'अशी माहिती देणार नाही' असे लिहिले आणि खाली सही केली. 

टाचणी कपडे झटकत उठला. "बाई, तुमची नोकरी जाईल. पत्र काय, पुन्हा येईल," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून जरा प्रेमानेच म्हणाला, "याला तेल द्यायला हवं. उद्या डबी आणतो."

जुन्या वस्तू शेवटी विनवतात: आम्हाला पुसा, जपा, तेलपाणी करा. मित्रांनो, मला तेल देऊ नका. मी एकदा न कुरकुरता उघडलो आहे.