मोठ्या मायचं दुसरं बोट

अवं सुमे, मधात बोलू नको, पयले पुरी गोष्ट आयक. तुम्ही बी बसा वं साऱ्या. माह्या हातावर पाहा, अजून काटा उभा हाये!

शनिवार-रविवार मी नागपूरले सोनेगावच्या विमानतळावर होती, माह्या मोठ्या मायसंगं. रुखमाबाई, माह्या मोठ्या बाबाची, म्हणजे बापाच्या मोठ्या भावाची बायको, नरखेडकडची. दिवाळीले संत्र्याची टोपली घेऊन येते ना, थेच. मोठे बाबा म्हणजे देवाजी, वायुसेनेत होते, डकोटा विमानावर. बासष्टच्या लढाईत आसामात होते. गेल्या पोळ्याले वारले. आन् यंदा त्यायच्या नावानं कार्ड आलं! सोनेगावले जुन्या शेडात विमानांचं संग्रहालय उघडून राह्यले, जुन्या लोकायचा दोन दिवस मेळावा हाये, रविवारी सकाळी त्यायचाच डकोटा चालू करून दाखवणार. धाडणाऱ्याले पत्ताच नाही का माणूस गेला म्हणून.

मी म्हटलं, "मोठी माय, कार्ड वापस धाडू."

"काहून वापस? तुह्या मोठ्या बाबाचे कान ज्यानं नेले, थे इंजिन मले एकडाव आयकाचं हाये. आन् तो कुठं उभा राहे थे पाहाचं हाये."

बस. एवढंच मागणं. नवं लुगडं नेसली, यष्टीत बसली, आली ना बाई.

शनिवारी नुस्ती गळाभेट, फोटो आन् जेवण. कोणाले कवळी, कोणाच्या हातात काठी. पण विमानाजवळ गेले का कोणी चाकाले हात लावे, कोणी पंख्याले. त्यायचे मोठे म्हणजे नागपुरातल्या महाल मोहल्ल्याचे मधुसूदन साहेब. रिटायर झाले तरी सारे अजून त्यायले भेतात. मोठ्या मायनं कार्ड दाखवलं, थे गेले म्हणून सांगितलं, तं चश्मा काढून पुसतच बसले.

"देवाजी आमचा फायर गार्ड होता, वहिनी. इंजिन लागताना, म्हणजे चालू होताना, आग विझवायचं नळकांडं घेऊन तो समोर उभा राहायचा. त्याचा हात वर झाल्याशिवाय वैमानिकाची बटण दाबायची हिंमत नव्हती."

मोठ्या मायनं नुस्ती मान हालवली.

आता रविवार. आयका वं! सकाळी दहा वाजले, खुर्च्या भरल्या, सायबायच्या बायका, पोरंसोरं, सारे. थे म्हातारे कोणी न सांगता आपापल्या जागेवर जाऊन उभे. दोघं पंखा हातानं फिरवून राह्यले, मोजून मोजून, का तळाशी तेल साचलं असन तं निघून जावं. एक चाकापाशी. कृष्णकांत साहेब वैमानिकाच्या खुर्चीत, खिडकीतून डोकं बाहेर. आन् मंग?

काहीच नाही.

सारे एकाच जागेकडं पाहून राह्यले. इंजिनासमोर, जरा बाजूले. तिथं नळकांडं ठेवलं होतं, माणूसच नव्हता! अवं, कामं कोणी वाटूनच नव्हती देल्ली. जो तो आपल्या जुन्या जागी गेला, मोठ्या बाबाची जागा मोठ्या बाबासाठी सुटली. काल त्यायच्यासाठी रडले, आन् आज त्यायचीच वाट पाहून राह्यले!

एक जवान अफसर धावत आला. "सर, मी उभा राहतो."

मधुसूदन साहेब म्हणे, "डकोटाचं इंजिन कधी लावलंय?"

"नाही सर, पण पुस्तकात वाचलंय."

"मग पुस्तकाजवळ उभे राहा. फायर गार्ड नाही तर इंजिन नाही."

हसू नको सुमे, तवा कोणी हसलं नाही. लोकं उठाले लागले. मोठ्या मायनं माहा हात असा दाबला का बांगडी रुतली. "नाही लागत का वं आता?"

आन् मले काही सुचाच्या आत थे उठली. सरळ मधुसूदन सायबासमोर.

"मी उभी राहीन, भाऊ."

"वहिनी, हे खेळणं नाही."

"मले माहीत हाये. इचारा."

आन् त्यायनं खरंच इचारलं! "कुठं उभं राहायचं?"

मोठी माय चालत गेली आन् नळकांड्यापाशी उभी. "इथं. पंख्याच्या रेघेत नाही, आन् चालवणाऱ्याच्या डोळ्यासमोर."

"आधी काय पाहायचं?"

"डावीकडं, उजवीकडं, मांगं. पोरगं नाही, कुत्रं नाही, कोंबडी नाही."

"आग दिसली तर?"

तिनं गळ्यावरून आडवा हात फिरवला. "बंद म्हणाचं. मंगच नळकांडं."

"कोणी शिकवलं?"

"त्यानंच. वावरात विहिरीवर डिझलचं इंजिन हाये आमचं. तेरा वर्षं रोज मले रेतीची बालटी घेऊन उभं करे. माहा हात वर झाल्याबिगर हँडल नाही मारे. सारं गाव हासे. मी म्हणो, इंजिन तं एकच हाये गा, मंग एक बोट कायले दाखवू? तं म्हणे, नंबर एक हाये म्हणून. दोन बोटं कवा, इचारलं तं म्हणे, आपलं दुसरं इंजिन आलं का."

बाप्पा! मी तं लहानपणापासून पाह्यलं होतं थे, आन् माही ट्यूबच पेटली नव्हती!

मधुसूदन साहेब मांगं सरले. त्यायनं जवान अफसराले तिच्या बाजूले उभं केलं, नळकांडं उचलाले. तिनं पदर खोचला. डावीकडं पाह्यलं, उजवीकडं, मांगं. आन् एक बोट वर.

खिडकीतून कृष्णकांत सायबाचं एक बोट वर.

पंखा हालला. खोकलल्यासारखा आवाज. पांढरा धूर, थो बी असा का विमानच दिसे ना. आन् मंग लागलं! अवं काय सांगू, कानानं नाही, हाडानं आयकू आलं. पायाखालची जमीन, खुर्च्या, माहे दात, सारं थरथर. टोप्या उडाल्या. चाकापाशी जो म्हातारा होता, थो तोंड उघडं ठेवून रडून राह्यला आन् त्याचा आवाज आपल्याले येतच नाही! मोठी माय एक पाऊल मांगं सरली नाही. लुगडं फडफडून राह्यलं, डोळे इंजिनावर.

मी म्हटलं झालं, आयकलं तिनं. आता येईन.

तं मधुसूदन सायबानं हातानं दुसरीकडं दाखवलं. डकोटाले दोन इंजिनं असतात ना वं! थे तिकडच्या इंजिनासमोर जाऊन उभी राह्यली. कृष्णकांत सायबानं तिकडं सरकून त्या बाजूच्या खिडकीतून दोन बोटं दाखवली.

मोठ्या मायनं हात वर केला. एकच बोट होतं. तिनं त्या बोटाकडं पाह्यलं. मंग डावीकडं पाह्यलं, उजवीकडं, मांगं, सारं पुन्हा बराबर, आन् दुसरं बोट हळूच सरळ केलं.