मावशीच्या कानात

मायक्रोफोन चालू.

“नोंदणी नसलेलं बियाणं मी विकू देणार नाही, बदलू देणार नाही आणि फुकट वाटूही देणार नाही,” ती म्हणाली.

म्हणजे म्हणाले कर्ज देणारे परदेशी पाहुणे, खाली व्यासपीठावर, त्यांच्या भाषेत. ती फक्त काचेच्या खोलीत बसून ते शेतकऱ्यांच्या कानात पोचवत होती. दुभाष्यानं ‘ते म्हणतात’ असं म्हणायचं नसतं. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’.

बंद.

“कर्ज त्यांचं, कायदाही त्यांचाच,” शेजारचे मास्तर म्हणाले. दुभाषेपणात त्यांचे केस पिकले होते. “मग आपल्या सचिवसाहेबांचं काय यात?”

“सही.”

“बरं, पहिल्या रांगेतली ती म्हातारी सारखी इकडे बघून हसतेय, ती कोण?”

“मावशी माझी. बियाणं राखते. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला.”

“मग जरा ताठ बस. घरी जाऊन सांगेल, पोरीला पोक आलाय म्हणून.”

चालू.

मावशी उठली. तिनं माइक उलटा धरला, कुणीतरी सरळ करून दिला.

“साहेब, शेजारणीचा घेवडा किडीनं गेला की मी तिला मूठभर बी देते. माझा गेला की ती मला देते. ह्यात गुन्हा कसला? त्या बियांवरच तर वाढलीय काचेमागची ती पोर. तिलाच विचारा.”

काचेमागून ती पाहुण्यांच्या भाषेत सांगू लागली. मी शेजारणीला बी देते. ती मला देते. ह्यात गुन्हा कसला?

आणि थांबली.

बंद.

“शेवटचं गाळलंस,” मास्तर म्हणाले.

“घरातलं होतं ते.”

“मग बाकीचं कुठलं होतं?”

मास्तरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

चालू.

पाहुणे मान डोलावत, अगदी आस्थेनं बोलले. तेवढ्याच आस्थेनं बोलणं तिला भाग होतं. “तुमच्या भावना मी समजतो. पण मूठभर बी दिलं तरी तो गुन्हाच. ही सवय हळूहळू मोडावी लागेल.”

मग सचिव बोलले. तेही पाहुण्यांच्याच भाषेत, त्यामुळे तेसुद्धा तिच्याच वाट्याला आलं. “आम्ही पूर्ण सहमत आहोत. मसुदा आहे तसाच पुढे जाईल.”

मावशीनं वळून काचेकडे पाहिलं. रागावली नाही. कानातलं यंत्र काढलं, त्याची तार नीट गुंडाळली आणि समोरच्या टेबलावर ठेवलं. मग हात मांडीवर घेऊन ती पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत बसली, एक अक्षर कळत नसताना.

पाहुणे पुढच्या कलमाकडे वळले. काचेआड ती बोलत राहिली.