दोष डब्याचा

मी एक जुना डबा आहे. पीठमीठ भरून ठेवायचा नव्हे, टीव्हीखाली बसायचा. गच्चीवरची छत्री आकाशातून चित्र झेलते, तारेने माझ्याकडे धाडते आणि मी ते उलगडून टीव्हीच्या हवाली करतो. मित्रांनो, राबतो मी आणि नाव होतं टीव्हीचं. पण माझं गाऱ्हाणं ते नाही. माझ्यापायी एका भल्या माणसाने आपले डोळे गेले असं समजून हातातली सुई खाली ठेवली आणि मला एका शब्दाने त्याची समजूत घालता आली नाही, ती गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एका हिरव्या पट्टीवर बारीकसारीक तुकडे डकवले, वर काळं कवच चढवलं आणि कपाळाला एक लाल आणि एक हिरवा दिवा लावला. मी दुकानात आलो आणि तिथून रफूकाकांच्या घरी. गल्लीभर त्यांना रफूकाका म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. कपड्याला भोक पडलं की काका त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उपसतात आणि एक वर, एक खाली असे विणत भोक बुजवतात. नंतर ते कुठे होतं हे गिऱ्हाइकालाही सापडत नाही.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काकांचं काम आणि टीव्ही, मागे स्वयंपाकघर. खिडकी एकच आणि तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे लांबचं असं काही दिसायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा घरात काकू होत्या, शाळेत जाणारी लेक होती आणि पाठीला पोक असलेला एक लहानसा टीव्ही होता. मी आलो त्या दिवशी पडद्यावरच्या मुंग्या पळाल्या. “चित्र कसं आरशासारखं आलंय,” असं काकू येईल त्याला सांगत आणि मी आतल्या आत फुगत असे. धूळ बसू नये म्हणून त्यांनी मला जुन्या पडद्याचं झाकण शिवलं. उन्हाळ्यात त्यात जीव गुदमरायचा, पण प्रेमाने पांघरलेलं नको कसं म्हणणार? पुढे झाकण उंदराने कुरतडलं, तेव्हा काकांनी त्यालाही रफू केलं.

काकांना टीव्हीत गोष्टीपेक्षा कपडे जास्त दिसत. खलनायक पिस्तूल रोखून उभा असायचा आणि काका म्हणायचे, कोटाची डावी बाही उतरलीय. संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी पडद्याच्या तळाशी अक्षरांची ओळ धावते ना, ती काका खुर्चीत बसून मोठ्याने वाचत. काकू आत भांडी घासता घासता ऐकत आणि मध्येच विचारत, “हं, पुढे?” ओळ तेवढ्यात निघून गेलेली असे, मग काका मनचं काहीतरी जोडून देत. काकूंना ते कळत असे, पण त्या कधी बोलल्या नाहीत.

मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या. लेक शिकली, तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली. घरात काका उरले आणि टीव्हीखाली मी. काकांनी ओळ वाचायचं सोडलं नाही. संध्याकाळ झाली की रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून ते वाचत, आणि आतून ‘पुढे’ कोणी विचारत नसे. मित्रांनो, ती शांतता मला अजून आठवते.

पोक्या टीव्हीने एके दिवशी मान टाकली. लेकीने हौसेने भला मोठा नवा टीव्ही धाडला. दोन माणसं आली, त्यांनी तो भिंतीवर टांगला, माझी तीनरंगी तार त्याच्या पाठीत खुपसली, “चित्र आलं” म्हणाली आणि चालती झाली. चित्र आलं खरं, पण कसलं? माझ्याकडे चित्राचे धागे मोजकेच. लहान पडद्याला ते पुरत होते, ह्याला पाचपट हवेत. मग तो माझे थोडेसे धागे ताणताण ताणायचा आणि मधली जागा अंदाजाने भरायचा. माणसांच्या कडा विरघळल्या, चेहरे आडवे पसरले. बातम्या देणारी बाई एका रात्रीत एवढी कशी सुटली, असं काका पहिल्या दिवशी स्वतःशीच पुटपुटले.

मग ते ओळ वाचायला गेले आणि अडखळले. खुर्ची पुढे घेतली, चष्मा पुसला, पुन्हा अडखळले. पडद्यावरच्या एवढाल्या अक्षरांचा नुसता चिखल झाला होता.

दुसऱ्या कोणी टीव्हीला शिव्या घातल्या असत्या. पण काकांचा थोरला भाऊही रफूगारच होता आणि त्याचे डोळे असेच गेले होते. आधी लांबचं धूसर झालं, मग जवळचं, मग सुईचं नाक. टीव्ही कोरा करकरीत, लेकीने पारखून घेतलेला, आणि अक्षरं तर पहिल्यापेक्षा मोठी. एवढं असून वाचता येत नाही म्हणजे दोष कोणाचा? काकांनी तो आपल्या माथी घेतला. त्याच आठवड्यात एका शालीच्या रफूला धागा जरासा गडद लागला. असं पूर्वीही एखाद्या वेळी व्हायचं आणि काका हसून उसवायचे. ह्या वेळी ते हसले नाहीत, उसवायलाही बसले नाहीत. त्यांनी शाल तशीच परत केली आणि सुयांची डबी कपाटात ठेवून दिली.

डॉक्टरकडे ते गेले नाहीत. थोरला भाऊ गेला होता आणि जे ऐकायला नको तेच ऐकून आला होता. लेकीचा फोन यायचा, ती विचारायची टीव्ही कसा आहे, चित्र कसं आहे. काका म्हणायचे, “एकदम झकास.” बोलणं संपलं तरी फोन बराच वेळ त्यांच्या हातातच असायचा. मी खालून बघत राहायचो. मला ओरडून सांगावंसं वाटे की काका, तुमचे डोळे धडधाकट आहेत, कमी पडतोय तो मी. पण माझ्याकडे नुसते दोन दिवे, ते लुकलुकवून काय सांगणार?

एक दिवस पलीकडच्या शाळेतल्या बाई एक कोट घेऊन आल्या. खांद्यावर इस्त्रीने जळालेलं भोक होतं. काका नाही म्हणाले, काम बंद केलंय म्हणाले. बाईंनी कोट उचलला नाही.

“माझा भाऊ राहिला नाही, त्याचा कोट राहिलाय,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा नाही मला. होईल तेव्हा करा.”

कोट खुंटीला लटकला. काका त्याच्याकडे पाठ करून बसू लागले. हळूहळू टीव्हीही बंद राहू लागला. दिवे लागायच्या वेळी खोलीत काका, खुंटीवर तो कोट आणि माझा लाल दिवा एवढेच असायचो. आम्ही तिघे एका खोलीत होतो, पण सोबत कोणालाच नव्हती.

सुट्टी मिळाली तशी लेक आली. आल्याबरोबर ती काकांच्या शेजारी, पूर्वी काकू बसायच्या त्या जागेवर बसली, रिमोटवरची धूळ फुंकली आणि टीव्ही लावला. काका भिंतीकडे बघत बसले. जरा वेळाने तिने कपाळाला आठ्या घातल्या.

“बाबा, हे असलं चित्र बघता तुम्ही? खालची अक्षरंसुद्धा लागत नाहीत.”

काकांनी मान वळवली. टीव्हीकडे नव्हे, तिच्याकडे.

“तुलाही लागत नाहीत?”

“कोणाला लागतील? टीव्ही नवा आणि डबा जुना. एवढा पडदा त्याला पेलवत नाही. दोष डब्याचा आहे, बाबा.”

मित्रांनो, मला राग यायला हवा होता. पण माझा जीव असा भांड्यात पडला की काय सांगू. काकांनी चष्मा काढला आणि पुसला, मग पुन्हा पुसला. “मला वाटलं माझे डोळे...” एवढंच ते बोलले. पुढचं लेकीने त्यांच्या तोंडावरून ओळखलं. ती आधी रागावली, मग रडली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डोळे वयाच्या मानाने उत्तम निघाले. परत आल्यावर काकांनी सुयांची डबी काढली, दोरा पहिल्याच खेपेला ओवला आणि कोट खुंटीवरून उतरवून मांडीवर घेतला.

नवा डबा आला. काकांनी माझी तार स्वतः काढली, मला फडक्याने पुसलं आणि काकूंचं झाकण पांघरून कपाटात ठेवलं. काकांनी रफू केलेला तुकडा नेमका माझ्या कपाळावर आला आहे, जिथे दिवा लागायचा तिथे. आता इथे अंधार आहे आणि मला कोणी हाक मारत नाही. मला एकटं वाटत नाही असं म्हणणार नाही, फार वाटतं. संध्याकाळी मात्र काका फोन कानाला लावून ती ओळ वाचतात, सगळी, न अडखळता, आणि लेक तिकडून “हं, पुढे?” म्हणत असावी, कारण काका मध्येच हसून मनचं काहीतरी जोडून देतात.

मित्रांनो, जुन्या डब्याची काळजी घ्या असं मी म्हणत नाही, त्याची जागा कपाटातच. पण तुमच्या घरचं कोणी एकटं टीव्हीसमोर बसत असेल, तर घटकाभर त्याच्या शेजारी बसा आणि तो बघतो तेच तुम्हीही बघा. फोनवर विचाराल तर उत्तर ‘एकदम झकास’ असंच येईल.