चोकवरचा चिमटा

बाबा गेल्यापासून आई रोज सकाळी त्यांच्या गाडीत जाऊन बसायची. चालवता येत नव्हतं तिला. नुसती किल्ली फिरवायची आणि हातातला चहा संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायची. "बॅटरी उतरायला नको गं," म्हणायची. अंगणभर काळा धूर व्हायचा. मी माझ्या तान्ह्या ठमीला पोटाशी घेऊन खिडकी लावून घ्यायची. आईला थांब म्हणायला जीभ रेटत नव्हती.

मग एका सकाळी गाडी चालूच होईना. ओढून गॅरेजला नेली.

मिस्त्रीकाका म्हणजे बाबांचे जुने भांडणमित्र. त्यांनी प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. काळाकुट्ट, ओला, पेट्रोलचा भपकारा मारणारा.

"कार्बोरेटर साफ केला की झालं ना, काका?"

"तेवढंच असतं तर चहावर भागवलं असतं, पोरी."

प्लगच्या जागी त्यांनी दाब मोजायचं घड्याळ बसवलं. मी किल्ली फिरवली. काटा जरासा उठला आणि तिथेच बसला. पुढच्या तिन्ही भोकांतही तेच. काका खिडकीतून आत डोकावले. थंड इंजिनला जास्तीचं पेट्रोल देणाऱ्या चोकचं बटण बाहेर ओढलेलं होतं, त्याच्या दांडीला कपड्यांचा लाकडी चिमटा.

"हा अजून इथेच?"

"बटण आपोआप आत जायचं ना, म्हणून बाबा लावायचे."

"लावायचा आणि इंजिन तापलं की काढायचा."

त्या शेवटच्या सकाळी गाडी चालू करून बाबा चष्मा आणायला घरात गेले, ते पुन्हा बाहेर आलेच नाहीत. इंजिन कुणीतरी बंद केलं. चिमटा राहिला. आई कुणाला हात लावू देत नव्हती, त्यांच्या हातचा म्हणून.

काका हलक्या आवाजात म्हणाले, "रोज जास्तीचं पेट्रोल जाऊन आतलं ऑइल धुतलं गेलं. रिंगा गेल्या, सिलिंडर गेले. इंजिन नवं करायच्या पैशात अशीच दुसरी गाडी येईल. तुझा बाप मला लुटारू म्हणाला असता." हसायला गेले, पण जमलं नाही. "वहिनींना काय सांगायचं?"

तेवढ्यात ठमीला कडेवर घेऊन आईच आली.

"भाऊजी, एक दिवस चुकवला नाही हो मी. तरी कशी बिघडली? माझ्याकडून काही...?"

काका चिंधीने हात पुसत राहिले. पुसून झालेले हात पुन्हा पुसले.

"तू चालू ठेवलीस म्हणून इतकी टिकली, आई," मी म्हणाले. "वय झालं तिचं."

आईचे खांदे सैल पडले. "मग जाऊ दे तिला. ओढाताण नको."

जाता जाता तिने आत हात घातला आणि चिमटा स्वतःच काढला. बटण सावकाश सरकत आत गेलं.

"असं आत जायचं असतं होय हे?"

काकांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं.

आई बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहिली. मग तिने चिमटा ठमीच्या लाळेऱ्याला लावला, आणि ठमीने तो लगेच तोंडात घातला.