टेबलावर राहिलेली पाचर

“आकडा आधी तोंडानं बोल. दुसऱ्यानं तो ऐकून परत बोलू दे. मग कागदावर लिही.”

एलिजा सरांचा हा आवाज माझ्या कानात अजून तसाच आहे. थोडा घोगरा, रोह्याच्या बोलीचा. पेणच्या आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॅन्सरवर किरण देणारं कोबाल्टचं मशीन आलं तेव्हापासून ते तिथले भौतिकतज्ज्ञ, किरणांचा हिशेब सांभाळणारे. मुंबईचा वर्षभराचा अभ्यासक्रम संपवून मी त्यांच्या हाताखाली आले, ती परीक्षेतल्या गुणांची ऐट घेऊन. पहिले दोन महिने त्यांनी मला नुसतं दार उघडायला आणि लावायला शिकवलं. मशीन चालू असताना दार उघडलं की किरण बंद झाले पाहिजेत, हे रोज सकाळी, स्टॉपवॉच हातात घेऊन. कधी न सांगता ओरडायचे, “सोर्स अडकला!” मग मी भिंतीवरची लांब दांडी घेऊन आत पळायचं, मशीनखाली माणसाच्या जागी ठेवलेली तांदळाची गोणी आधी बाहेर ओढायची आणि मग दांडीनं सोर्स, म्हणजे किरण सोडणारा कोबाल्टचा तुकडा, मशीनच्या आत ढकलायचा. एकदा मी आधी दांडीकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, “गोणी मेली.” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सर बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. शनिवारी ते पेन हातात धरत नसत, आणि माझे उपास, माझी रोजची पोथी, याची त्यांनी कधी चेष्टा केली नाही. जूनमध्ये ते कायमचे इस्रायलला गेले. जाण्याआधी रोह्याच्या घरी मलिदा केला होता. गूळ-खोबऱ्यातले पोहे, वर फळं. माझ्या ओंजळीत प्रसाद घालता घालता म्हणाले, “नम्रता, चूक तुझ्या हातून होणार. माझ्या झाल्यात. ज्याच्या अंगावर झाली त्याला त्याच दिवशी, समोर बसून सांगायचं. सांगशील?” ओंजळ भरलेली होती. मी हो म्हटलं.

हे झालं सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये. आणि ऑगस्टमध्ये श्रावणाचा दुसरा सोमवार आला.

सोमवारचा उपास मी लहानपणापासून करते. त्या वर्षी पहिल्या सोमवारपासून आईच्या दुखण्यासाठी त्यात मौन घातलं. दुपारी देवळात अभिषेक होईपर्यंत बोलायचं नाही. कामावर अडू नये म्हणून मी एक पाटी आणली. आमचा तंत्रज्ञ जनू हसला. म्हणाला, “बरं हाय ताई, आज तरी माझ्यावर कोण ओरडनार नाय.” आम्ही खुणा ठरवून घेतल्या. तो बोटांनी दाखवेल, मी मान हलवीन. मला ते अगदी सुटसुटीत वाटलं होतं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

सकाळचा पहिला पेशंट इंदुबाई. रोह्याजवळ वरशाला लेकीकडे राहायच्या, रोह्याच्या एसटीनं यायच्या. इंदुबाई धवलारीण. खाडीपट्ट्यातल्या आमच्या लग्नांत भटजीच्या आधी त्यांचे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, लागतात. हळदीपासून वरातीपर्यंत सगळं त्या गाऊन लावून देतात. त्यांच्याच स्वरयंत्रावर गाठ आली. लवकर सापडली होती, किरणांनी जाण्यासारखी. तेहेतीस दिवसांचा कोर्स, चौदा झालेले. मार्गशीर्षात नातीचं लग्न होतं. पहिल्या दिवशी टेबलावर झोपताना माझं मनगट धरून त्यांनी विचारलं होतं, “धवले माझ्याच तोंडनं लागतील ना गो?” मी म्हटलं होतं, त्यासाठीच तर हे सगळं. तरी मशीनला त्या भ्यायच्या. दर दोन दिवसांनी लेकीला म्हणायच्या, पुरे झालं, आता नको.

गळा पुढे निमुळता, मागे जाड. सरळ किरण टाकले तर पुढच्या भागाला जास्त लागतात. म्हणून मशीनच्या तोंडाशी एक धातूची पाचर सरकवतात, जाड बाजू पुढे. कागदोपत्री तिला वेज म्हणतात, पण सर पहिल्या दिवसापासून पाचरच म्हणायचे. ती लावली की किरण अडतात, म्हणून वेळ दीडपट धरावी लागते. इंदुबाईंच्या कार्डावर होतं, दोन मिनिटं चाळीस सेकंद, पाचरेसह. एक दिवस उजवी बाजू, एक दिवस डावी.

दर सोमवारी मी पाचरेची तपासणी करते. एकदा पाचर लावून किरण मोजायचे, एकदा काढून. मोजणं झालं की पाचर परत खाचेत सरकवायची, कारण पहिल्याच पेशंटला ती लागते. त्या सोमवारी आकडे पाटीवर लिहिले. हात ओला होता, दोन आकडे पुसले गेले. काढून मोजलेलं परत मोजलं, परत लिहिलं. तेवढ्यात इंदुबाई आल्या. माझ्या हातात पाटी बघून म्हणाल्या, “काय गो पोरी, आज परत तूच मुकी झालीस? माझा आवाज तुला लागला की काय?” मी हसले. मौनात हसता येतं.

जनूनं त्यांना झोपवलं, मान प्लास्टरच्या साच्यात बसवली. तो साचा गणपतीच्या कारखान्यातल्या जगननं बनवून दिला होता. सोंड घडवणारा हात, मानेची खाच बरोबर काढतो. मग जनूनं बोटं दाखवली. क्षेत्र, अंतर. मी मान हलवली. त्यानं दोन बोटं चिमटीसारखी केली, म्हणजे पाचर. मी कार्डाकडे बघून मान हलवली. कार्डावर होतीच. आम्ही बाहेर आलो, दार लागलं, लाल दिवा लागला, दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी विझला. इंदुबाई नऊ-पन्नासच्या एसटीनं गेल्या.

दुसऱ्या पेशंटला वेळ होता, म्हणून मी मोजमापाचं टेबल आवरायला आत गेले. किरण मोजायच्या पाण्याच्या टाकीपाशी, थर्मामीटरच्या बाजूला, पाचर होती.

मला आधी काही कळलंच नाही. मी ती उचलली. थंड होती, जड होती. मशीनच्या तोंडाशी गेले, खाचेत बोट घातलं. खाच रिकामी होती. सर असते तर पाचरेला हात लावून तोंडानं ‘आहे’ म्हणायला लावलं असतं. हात लावल्याशिवाय ‘आहे’ म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम होता. मान हलवायचा नियम त्यांनी केलाच नव्हता.

वेळ पाचरेची, आणि पाचर नाही. किरणांची रोजची मात्रा दोनशे, तिच्या जागी तीनशे गेली. गळ्याच्या पुढच्या भागाला त्याहून जास्त.

मी खाली बसले. आणि एक विचार आला, त्याची मला चुकीपेक्षा जास्त भीती वाटली. कुणी पाहिलेलं नाही. जनू चहाला गेलाय. कार्डावर सही झालीय. पाचर खाचेत सरकवली की झालं. मी ती सरकवलीसुद्धा. मग परत काढली आणि तशीच हातात धरून बसले.

त्यानंतर दुसरं सुचलं. गेल्या सोमवारीही मी मौनात होते. तेव्हाही असंच झालं असेल तर? तेव्हाही इंदुबाईच पहिल्या होत्या. मी रजिस्टर उघडलं. सर आकड्यापुढे वेळ लिहायला लावायचे, मला तो जाच वाटे. तिथे माझ्याच अक्षरात होतं: सकाळी वीज नाही, आधी पेशंट, पाचरेची तपासणी दुपारी तीन वाजून दहा. म्हणजे त्या दिवशी पाचर शनिवारपासून खाचेतच होती. एकदाच झालं होतं. आजच.

जनू चहा घेऊन आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पाचरेकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. अभिषेकाला अजून दोन तास होते. मी मनात शंकराला म्हटलं, मौन मोडतेय, याचं काय ते मला कर, आईला नको. आणि तोंड उघडलं.

“जनू, पाचर टेबलावर होती. इंदुबाईंना पाचरेशिवाय दिलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद.”

त्यानं जाऊन खाचेत बोट घालून पाहिलं. मग हळूच म्हणाला, “दोन मिनटं चाळीस शेकंद. पाचर नाय.” आणि मग मी ते लिहिलं.

आमच्या डॉक्टरबाई मंगळवारी आणि शुक्रवारी मुंबईहून यायच्या. त्यांना फोन लावला. त्यांनी मला दोनदा आकडे सांगायला लावले. रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त रडू आलं. म्हणाल्या, दोन दिवस गॅप दे, उरलेल्या दिवसांत थोडं थोडं कमी करून आपण हिशेब जुळवू. गिळताना आठ-दहा दिवस जास्त दुखेल. आवाजाचं मी विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक काही होणार नाही, पण आज लिहून देता येणार नाही. आणि पेशंटला काही सांगू नकोस. मशीन बंद आहे म्हणून निरोप धाड. ती बाई आधीच भित्री, उठून जाईल, कोर्स अर्धा सोडला तर गाठ परत येईल, मग आवाज काय नि जीव काय.

त्यांची भीती खोटी नव्हती. मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. सांगितलं आणि इंदुबाईंनी येणं सोडलं तर त्यांचा जीव माझ्या सांगण्यानं जाईल. नाही सांगितलं तर आठ दिवसांनी घास गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, त्या मला विचारतील, असं का होतंय गो, आणि मला परत मान हलवावी लागेल. एकदा मान हलवून काय झालं ते मी बघितलं होतं.

मी परत फोन लावला. डॉक्टरबाईंना म्हटलं, मी सांगणार आहे. मशीन बंद आहे असं माझ्याच्यानं सांगवणार नाही.  त्या म्हणाल्या, “ती सोडून जाईल.”

“मग ती परत हो म्हणेपर्यंत मी तिथून उठणार नाही.”

“कार्ड घेऊन जा बरोबर,” त्या म्हणाल्या. “आणि आधी स्वतः काहीतरी खा.”

उपास होता. उरलेले पेशंट घेतले, प्रत्येक वेळी खाचेला हात लावून ‘आहे’, ‘नाही’ मोठ्यानं म्हणत. जनू परत म्हणत होता. आज त्यानं एकही विनोद केला नाही. चारच्या सुमारास शेवटचा पेशंट गेला. दार तपासलं, रजिस्टरवर वेळ घातली. देवळाकडे जाणाऱ्या बायका रस्त्यानं बेल-फुलं घेऊन चालल्या होत्या. माझा अभिषेक चुकला होता.

पिशवीत इंदुबाईंचं कार्ड ठेवलं. जनूनं विचारलं, “मी येऊ का, ताई? साच्यात मान मीच बसवली व्हती.” मी म्हटलं, नको, तू मशीनपाशी थांब. त्यानं खुंटीवरची स्वतःची छत्री काढून माझ्या हातात दिली.

फाटकाबाहेर पडले. स्टँडपर्यंत काय बोलायचं ते मी हलक्या आवाजात म्हणून बघत होते. मावशी, आज चूक माझ्याकडून झाली. परत एकदा. मावशी, आज चूक माझ्याकडून झाली. रोह्याची गाडी फलाटाला लागलेली होती. कंडक्टरला म्हटलं, वरशाला जायचंय. तो म्हणाला, रोहा स्टँडला उतरा, पुढं चालत. मी कार्डाची पिशवी मांडीवर घट्ट धरून खिडकीपाशी बसले.