भुंग्याचं लोढणं

सोमवारी आमच्या भुंग्यानं शेजारचं गाव वळून आणलं. घरं एकमेकांना खेटून मेंढरांच्या जाळीत उभी होती. एका दारातून सरपंच म्हणाले, "म्हाकूआण्णा, कुत्र्याला आवरा."

त्याचा काय दोष? मेंढरं उरली तीस आणि अंगात रग तीनशेंची. मंगळवारी त्यानं तळं आणलं, बुधवारी अख्खा घाट. कौतुकानं मी त्याच्या मागे हिंडत राहिलो, हे खरं. मेंढरं तीन दिवस एकट्या सुगलानं, माझ्या बायकोनं राखली. पण त्याला तळहातावर दूध पाजून मीच वाढवलं होतं. टाचेला दात लावायचे, रक्त काढायचं नाही. मेंढरं आत गेली की जाळीकडे पाठ करून बसायचं आणि आतून कोणी कितीही ओरडलं तरी वळून बघायचं नाही. सगळं मीच शिकवलं.

"लई लाडावलंय तुमी," सुगला म्हणाली. "लोढणं घाला गळ्यात."

बाभळीचा ओंडका तासून मी भुंग्याच्या गळ्यात बांधला. माझी गाठ फक्त मला आणि सुगलाला सुटते. भुंग्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बसला.

ओंडका ओढत त्याला लांब जाता येईना, म्हणून माळच जवळ आला. शुक्रवारी आभाळाची कड चुलीपाशी पोचली. सुगलानं ती हातानं बाजूला सारून भाकरी थापल्या. शनिवारी जाळीबाहेर आम्ही तिघंच उरलो. आत एका माणसापुरती जागा होती.

भुंग्याचा गळा मोकळा होता. ओंडका सुगलाच्या हातात होता.

"तू सोडलंस?"

"त्यो कुठं भटकतोय आता? भटकनारं एकच राह्यलंय."

"अगं, मालक हाय मी त्याचा. सांग की त्याला!"

"त्यानंच सांगितलंय मला," म्हणत तिनं जाळी उचलली.

माझ्या टाचेला दात लागले. रक्त आलं नाही. इतका संताप मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता, तरी पाय आपोआप आत गेले. सुगलानं ओंडका माझ्या गळ्यात बांधला. गाठ मानेमागे आली, आतल्या दाटीत माझे हात तिथं पोचेनात. सरपंच जरा सरकले.

बाहेर सुगला भुंग्याच्या मानेवरचा वळ चोळत बसली होती.

"भुंग्या," मी हाक मारली. मग ओरडलो.

जाळीकडे पाठ करून बसलेल्या भुंग्याचा उजवा कान हलला.